ट्रॉलीतलं घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२२ च्या दिवाळीपासून मी आणि माझी बायको दहा बाय सहा फुटांच्या ट्रॉलीत राहतोय. ट्रॅक्टरच्या मागं असते तीच ट्रॉली, फक्त वर बंद बॉडी चढवलेली आणि आत संसार. रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून विचारतात, कंपनीत जेवणाच्या सुट्टीत विचारतात, परवा एका लग्नात तर वाढप्यानं भाताचं पातेलं खाली ठेवून विचारलं. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. मी आयटीआय फिटर, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत नोकरीला. इंजिनिअर नाही. जे केलं, जे चुकलं आणि जे चारचौघांना विचारून कळलं, तेवढंच खाली आहे.

एवढा खटाटोप कशाला? पत्र्याची एक खोली का नाही बांधली?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि रास्त आहे. तुमची स्वतःची जागा असेल, सातबारा एकट्याच्या नावावर असेल आणि तिथं पाणी येत नसेल, तर ट्रॉलीच्या नादाला लागूच नका. सरळ खोली बांधा. तेवढ्याच पैशात दुप्पट जागा मिळेल.

आमचं तसं नव्हतं. घर पंचगंगेच्या काठच्या गावात. नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आमच्याकडं शाळेतल्या पोराला पाढ्यासारखं पाठ असतं. २०१९ आणि २०२१, दोन्ही सालांत पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. पहिल्या पुरात घरात छातीएवढं पाणी होतं. दुसऱ्यानं मागची मातीची भिंत बसली. पुन्हा बांधायचं तर तिथंच कसं बांधायचं? आणि वर, जोतिबाच्या डोंगराकडच्या माळावर मामांची जमीन आहे, तिथं मामा म्हणाले, "रहा की खुशाल. पण पाया काढू नको." कारण त्या सातबाऱ्यावर पाच नावं आहेत. एक कुदळ पडली असती तर पाची घरं भांडायला उभी राहिली असती.

चाकांवरच्या घराला पाया लागत नाही. नदी वाढली की ते वर जातं, आणि वर गेलं तरी भाऊबंद काही बोलत नाहीत, कारण उद्या ते परत खाली येणार असतं. पाणी आणि भाऊबंदकी, या दोनच कारणांसाठी मी चाकं घेतली. यातलं एकही कारण तुम्हाला नसेल तर पुढचं करमणूक म्हणून वाचा.

यूट्यूबवर दिसतो तसला तयार कार्गो ट्रेलर कोल्हापुरात मिळतो का?

तसा नाही. अमेरिकेत सहा बाय बारा फुटांचे बंद कार्गो ट्रेलर तयार मिळतात. तिथले लोक ते पिकअपला जोडतात आणि आत पलंग-ओटा बसवतात. त्यांचा व्हिडिओ दार उघडून रिकामा डबा दाखवण्यापासून सुरू होतो. आपल्याला तो डबाच आधी करावा लागतो.

इथं दोन वाटा आहेत. एक, जुनी ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन तिच्या चॅसीवर (खालच्या सांगाड्यावर) बॉडी बांधणं. दोन, पिकअप टेंपोची उतरवलेली बंद बॉडी मिळाली तर ती ट्रॉलीच्या चॅसीवर बसवणं. दुसरी स्वस्त पडते, पण त्या बॉडीत उंच माणसाला ताठ उभं राहता येईलच असं नाही. मी पाच फूट नऊ इंच आहे. वाकून स्वयंपाक करायचा नव्हता (म्हणजे बायकोला, पण पाठ दुखल्यावर ऐकून मलाच घ्यायचं होतं). म्हणून पहिली वाट धरली. कोल्हापूरचा एक फायदा मात्र मानायला पाहिजे. शिवाजी उद्यमनगरात सकाळी कागदावर काढून दिलेलं चित्र संध्याकाळी लोखंडात तयार होऊन मिळतं.

जुनी ट्रॉली घेताना काय बघायचं?

ऊस ओढलेली शक्यतो घेऊ नका. कारखान्याच्या हंगामात त्या ट्रॉल्यांवर किती माल चढतो ते आपण रस्त्यावर बघतोच. चॅसीच्या चॅनेलला कडेनं दोरी ताणून धरा. मध्ये पोक आलेला असेल तर लगेच दिसतो. मग ड्रॉबार, म्हणजे ट्रॅक्टरला जोडायचा पुढचा दांडा, जिथं चॅसीला जोडलाय तिथला रंग खरवडून बघा. ताजा रंग फक्त तेवढ्याच जागी असेल तर खाली तडा आहे असं समजा. मी पाहिलेल्या तिसऱ्या ट्रॉलीचं हेच होतं. मालक म्हणाला, "दसऱ्याला रंगवली हो." मी म्हटलं, दसऱ्याला अख्खी गाडी रंगवतात, एक कोपरा नाही.

चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खटखट वाजलं तर बेअरिंग गेलं. ते बदलता येतं, त्यासाठी सौदा मोडू नका, किंमत पाडून घ्या. टायरच्या बाजूला उत्पादनाचे चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर २०१९ सालाचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी म्हाताऱ्या टायरचं रबर आतून वाळलेलं असतं. आणि पाटे (धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या) असलेलीच घ्या. बिनपाट्याच्या ट्रॉलीत पहिल्याच खड्ड्याला तुमच्या कपबश्या कपाटाबाहेर येतील.

आरटीओचं काय? हे कायदेशीर आहे का?

तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकत्र करतात.

पहिली, वाहन म्हणून. ट्रॉलीला आरसी, म्हणजे नोंदणीचं पुस्तक, लागते. गावाकडं बिनपासिंगच्या ट्रॉल्या सर्रास फिरतात, तसली घेऊ नका, मागून कागद करताना नाकी नऊ येतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीत लिहिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल वाहनात परस्पर करता येत नाही. म्हणून बॉडी चढवायच्या आधी आराखडा घेऊन आरटीओत जा, नंतर नको. खासगी वापराचा कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर हा प्रकार केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत बिगरपरिवहन वाहनांच्या यादीत आहे, त्याचा उल्लेख करून विचारा. रुंदी २.६ मीटरच्या आत ठेवा. विमा, मागचे दिवे, रिफ्लेक्टर हे सगळं लागतंच. आणि ट्रॉली चालू असताना आत माणूस बसवायचा नाही, "दोनच किलोमीटर जायचंय" म्हणूनसुद्धा नाही.

दुसरी, जमीन म्हणून. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४१ मध्ये शेतकऱ्याला स्वतःच्या शेतजमिनीत शेतघर बांधायची मुभा आहे, अटींसह. चाकांवरची ट्रॉली म्हणजे बांधकाम नव्हे असं मी धरून चालतो, पण चाकं काढून खाली विटा रचल्या, पुढं पडवी काढली, फरशी घातली, की तलाठी तिला ट्रॉली म्हणणार नाही. आणि बरोबरच आहे त्यांचं.

तिसरी, पूररेषा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची हद्द आणि लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. चाकं आहेत म्हणून निळ्या रेषेच्या आत कायमचं घर थाटायचा परवाना मिळतो, असा अर्थ कुणी काढू नये. आम्ही आमच्या जुन्या घराच्या परड्यात उभे असतो, आणि पावसाळ्यात तिथून निघतो.

राज्य सरकारचं २०२१ चं कॅराव्हॅन धोरण पर्यटनासाठी आहे. त्याचा राहायच्या ट्रॉलीशी संबंध नाही, एजंटानं कितीही गोड बोलून सांगितलं तरी.

एकूण खर्च किती आला?

२०२२ चा माझा हिशेब असा. ट्रॉली ६५ हजार. चौकोनी पाईप, पत्रा आणि वेल्डिंगचा माल ४८ हजार. थर्मोकोल, प्लाय, दार-खिडक्या ३७ हजार. सोलर, बॅटरी, वायरिंग ३४ हजार. पाणी, मोरी, शौचालय १८ हजार. टायर, बेअरिंग, रंग १४ हजार. बेरीज २ लाख १६ हजार. यात माझी मजुरी नाही. सुट्टीच्या दिवशी आणि रात्री मिळून पाच महिने लागले. वेल्डिंग बाहेरून करून घेतलंत तर वाढेल. ट्रॉलीच्या किमतीत घासाघीस होते, बॅटरीच्या किमतीत होत नाही.

पैसे कुठं वाचवू नयेत? टायर, वायर आणि जमिनीचा प्लाय. कुठं वाचवावेत? आतल्या सजावटीत. सनमायका तीन वर्षं झाली, अजून लावलेला नाही. कुणाचं काही अडलेलं नाही.

वजन किती झालं? ट्रॅक्टरला झेपतं का?

ट्रॅक्टरला काय, त्याला हे खेळणं आहे. अडचण ट्रॅक्टरची नसते, तोलाची असते. बारा मिलिमीटर प्लायची आठ बाय चारची एक शीट वीस-बावीस किलो भरते. दोन मिलिमीटर जाडीचा ४० बाय ४० चा चौकोनी पाईप मीटरला जवळपास अडीच किलो. दोनशे लिटरचं पिंप भरलं की दोनशे किलो. घर करताना "एवढंसं तर आहे" म्हणत म्हणत माणूस टनाच्या पुढं जातो.

गावातल्या उसाच्या काट्यावर ट्रॉली चढवली. सगळं सामान भरून, पिंप रिकामं ठेवून १,६४० किलो. (काट्यावरचा माणूस म्हणाला, उसाचं असतं तर जरा कमी दाखवलं असतं. मस्करीच करत होता, पण उपस्थितांपैकी कुणी हसलं नाही.) मग नुसतं चाक काट्यावर आणि ड्रॉबार बाहेर जॅकवर, असं वजन घेतलं. दोन्हींतला फरक म्हणजे ट्रॅक्टरच्या हूकवर येणारा भार. एका धुऱ्याच्या (म्हणजे एकाच आसाच्या) ट्रॉलीत तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा. कमी असेल तर ट्रॉली मागून शेपूट हलवल्यासारखी डोलते. माझ्या पहिल्या मांडणीत ओटा आणि पिंप दोन्ही मागच्या टोकाला होते आणि हूकवर जेमतेम ८० किलो येत होते. पाच टक्केसुद्धा नाहीत. पिंप धुऱ्याच्या बरोबर वर आणलं, बॅटरीची पेटी पुढं ड्रॉबारवर घेतली, तेव्हा जमलं. हे काम आतल्या भिंती ठोकायच्या आधी करा. मी नंतर केलं आणि अख्खा ओटा उचकटला.

लोखंडाचा डबा. उन्हाळ्यात भाजून निघत नाही का?

निघतो. तुम्ही काहीच केलं नाही तर एप्रिलच्या दुपारी आत भाकरी शेकेल. मी पहिला थर न लावता नुसत्या पत्र्यात एक दुपार काढली होती, हौस म्हणून. पत्र्याला आतून हात लावला तर ठेवता येत नव्हता.

उष्णता वरून येते, म्हणून पैसे आधी छतावर घाला. छताला ५० मिलिमीटर थर्मोकोल आहे, भिंतींना २५, जमिनीलाही २५. पफ पॅनेल (आत कडक फोम भरलेलं) थर्मोकोलपेक्षा चांगलं, त्याच जाडीत बरीच कमी उष्णता आत सोडतं, पण माझ्या खिशाला झेपलं नाही. छत पांढरं रंगवलं. या सगळ्यानं भट्टीची खोली झाली. खोलीचं घर झालं ते शेडनेटनं. रोपवाटिकेला लावतात ती हिरवी ७५ टक्क्यांची नेट, छताच्या फूटभर वर, चार पाईपांवर ताणलेली. ऊन नेटवर पडतं, मधून वारा जातो, पत्र्यापर्यंत झळ पोचतच नाही. निघायच्या वेळी ती गुंडाळून ठेवायची. आख्ख्या ट्रॉलीतली सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात जास्त उपयोगाची.

उभी कशी करता यालाही महत्त्व आहे. लांब बाजू उत्तर-दक्षिणेला तोंड करून, म्हणजे संध्याकाळचं पश्चिमेचं ऊन फक्त सहा फुटांच्या आखूड भिंतीवर पडतं. दार पूर्वेला. आपल्याकडं पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते, दार तिकडं असेल तर चपलासुद्धा पोहायला लागतात.

आणि हवा. समोरासमोर दोन खिडक्या, एक खाली, एक वर. गरम हवा वरून निघते, गार खालून येते. फक्त एकच मोठी खिडकी ठेवणाऱ्यांना मी तीनदा सांगून बघितलं, ऐकत नाहीत. त्यांना व्ह्यू पाहिजे असतो.

पावसाळ्यात गळतं का?

बाहेरून गळत नाही. प्रत्येक सेल्फ स्क्रूखाली रबरी वायसर, सांध्यांना सिलिकॉन, आणि छताला मागच्या बाजूला दोन इंच उतार. गळायचं ते आतून गळतं आणि हे मला कुणीही सांगितलं नव्हतं.

पहिल्या जुलैत एका सकाळी बायकोनं गादी उचलली, तर खालचा प्लाय ओला आणि गादीच्या पोटाला काळे ठिपके. मी तासभर छतावर भोक शोधत होतो. भोक नव्हतंच. दोन माणसं झोपेत श्वास आणि घाम मिळून अर्धा-पाऊण लिटर पाणी सोडतात. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड किलो पाण्याची वाफ होते. मोठ्या घरात ती कुठं जाते कळत नाही, साठ चौरस फुटांत ती जाणार कुठं? जिथं गार सापडेल तिथं पाणी होऊन बसते.

त्याहून गंमत भिंतीवर. पावसाळा संपत आला तेव्हा आतल्या प्लायवर सारख्या अंतरावर उभ्या करड्या रेघा उमटल्या, छातीचा एक्सरे काढल्यासारख्या. प्रत्येक रेघेच्या मागं लोखंडी पाईप होता. दोन पाईपांच्या मध्ये थर्मोकोल होता, पण पाईपावर प्लाय थेट ठोकलेला. लोखंड बाहेरचा गारवा सरळ आत आणत होतं, तिथं दव धरत होतं आणि दवावर धूळ. सगळा प्लाय उतरवला, पाईपांवर फोमची पट्टी चिकटवली, पुन्हा ठोकला. पलंगाला अखंड प्लायऐवजी फटी ठेवून पट्ट्या मारल्या. ओट्यावर सहा इंची एक्झॉस्ट लावला. आता भर पावसातही दोन्ही खिडक्या बोटभर उघड्या असतात. वरच्या बाजूला पत्र्याचं झापड आहे, पाणी येत नाही.

स्वयंपाक आत करता?

सकाळचा चहा-पोहे आत, भाकरी बाहेर मांडवात. सिलिंडर कधीही आत नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साठतो आणि ट्रॉलीची जमीन म्हणजे चारी बाजूंनी बंद पेटी. आमचा सिलिंडर बाहेर, ड्रॉबारजवळ जाळीच्या कप्प्यात, आणि ओट्याखाली जमिनीलगत हाताएवढं जाळीचं भोक, गळलाच तर निघून जायला. थंडीत उबेला कोळशाची शेगडी आत घेऊन झोपायचा विचार मनातही आणू नका. त्यातला विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि माणूस उठत नाही.

इंडक्शन? दोन हजार वॅटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायची तर दीडशेहून जास्त अँपिअर खेचेल. विसरा.

विजेची सोय?

३३५ वॅटचं एक पॅनेल, १५० अँपिअर-तासांची एक ट्युब्युलर बॅटरी. रोजचा खर्च असा: १२ व्होल्टचा पंखा, दोन एलईडी, दोन मोबाइल, छोटा टीव्ही तीन तास आणि एक्झॉस्ट मिळून अर्ध्या युनिटाच्या, म्हणजे ५०० वॅट-तासांच्या आत. बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात, पण शिसं-आम्लाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून नऊशे धरा. ढगाळ दोन दिवस निघतात. जुलै-ऑगस्टमध्ये पॅनेलनं तिसरा हिस्सा दिला तरी नशीब. तेव्हा परड्यात असलो तर जुन्या घराच्या महावितरण जोडणीवरून वायर घेतो, माळावर असलो तर टीव्ही बंद. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, ती पलंगाखाली ठेवू नका.

बारीक वायर ही सगळ्यांची चूक असते. घरातल्या २३० व्होल्टला चालणारी वायर १२ व्होल्टला चालत नाही. एक चौरस मिलिमीटरच्या वायरीनं पाच मीटर लांब दहा अँपिअर नेले तर जाऊन-येऊन जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच संपतात. पंखा रडतखडत फिरतो आणि लोक बॅटरीवाल्याला शिव्या देतात. चार चौरस मिलिमीटरची घ्या, आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. वायर थर्मोकोलला चिकटवून नेऊ नका, त्या दोघांचं पटत नाही, वायरीचं वरचं आवरण कडक होऊन तडकतं. नळीतून न्या.

बाहेरून २३० व्होल्ट आत घेत असाल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि ट्रॉलीच्या अंगाला अर्थिंगचा रॉड. तुम्ही लोखंडी डब्यात, ओल्या जमिनीवर, ओल्या पायानं उभे असता. यात काटकसर नाही.

पाणी आणि संडास?

पाणी परड्यात नळाचं, माळावर मामांच्या बोअरचं. पिंप भरून ट्रॉली ओढत नाही. मोरीचं पाणी कर्दळ आणि केळीला जातं. आंघोळ बाहेर ताडपत्रीच्या न्हाणीत.

संडास परड्यात जुन्या घराचाच आहे. पुराच्या काळात खड्ड्यांचे संडास तुंबतात, आणि माळावर तर काहीच नव्हतं. तिथं कोरडा बादली-संडास: बसायची पेटी, खाली झाकणाची बादली, प्रत्येक वेळी वरून मगभर लाकडाचा भुस्सा. लघवी वेगळी गेली पाहिजे, ती मिसळली की वास येतो. भुस्सा सॉ मिलवर मिळतो. बादली दोन दिवसांनी विहिरीपासून लांब खड्ड्यात, वर भुस्सा, वर माती. वर्षभर त्या खड्ड्याला हात लावायचा नाही, आणि नंतरही ते खत भाजीला नाही, झाडांना. ऐकताना लोक नाक मुरडतात. २०२१ ला निवारा केंद्रात रांगेत उभे राहिलेले मुरडत नाहीत.

उंदीर, मुंग्या, साप?

साप खाली सावलीला येऊन बसतो, म्हणून खालची जागा मोकळी, गवत काढलेलं. उंदराला थर्मोकोल फार आवडतो, मुंग्यांना तर त्यात घरंच करायची असतात. बॉडीच्या खालच्या कडेनं बारीक जाळी रिव्हेट मारून घेतली, वायर शिरते तिथं सिलिकॉन. मांजर पाळलीय. आईची होती, आता आमची म्हणते स्वतःला.

वेल्डिंग स्वतः करू का?

येत असेल तर करा. शिकायचं असेल तर ओटा-पलंगावर शिका, ड्रॉबारवर नाही. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वा पाईप जाळलात तर निघणाऱ्या पांढऱ्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप भरतो. आमच्याकडं त्यावर गूळ खायचा सांगतात. कोल्हापूरचा गूळ खायला कारण लागत नाही, पण या तापावर तो औषध नाही. मुलामा आधी ग्राइंडरनं घासून काढा आणि उघड्यावर काम करा.

पूर येतो तेव्हा नक्की काय करता?

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले याच्याकडं लक्ष असतं. सात आहेत. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी सगळ्या एकदम आल्या की पंचगंगेला वेळ लागत नाही. आमचा नियम साधा आहे: बंधाऱ्यावर ३९ फूट झाले की निघायचं. ४३ ची वाट बघायची नाही, कारण तोवर ओढ्यावरचा रस्ता पाण्याखाली असतो. उजेडी निघायचं, आई आणि म्हैस आधी, ट्रॉली नंतर.

२०२४ च्या जुलैत पाणी ४३ च्या वर गेलं तेव्हा पहिल्यांदा खरी परीक्षा झाली. घाईत मोरीचा पाईप सोडवायचा राहिला. तो फाटकापर्यंत मागं फरफटत आला आणि तुटला. ते किरकोळ. माळावर पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं, पाऊस धो धो. चार कोपऱ्यांना चार जॅक लावले, लेव्हल बघितली, झोपलो. सकाळी दार उघडेना. आधी वाटलं कडी अडकली. खांदा लावला, लाथ मारली, हलेना. रात्रीत मागचा डावा जॅक मऊ मातीत दोन इंच खचला होता, त्या कोपऱ्यानं अख्खी चौकट पिळली गेली होती आणि दार तिरकं दाबलं गेलं होतं. शेवटी खिडकीतून बाहेर उडी मारली. खाली म्हैस उभी होती, ती बघत राहिली. मामी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दारातनं ये की रं, चोर हाईस व्हय?"

तेव्हापासून प्रत्येक जॅकखाली दीड फूट चौकोनी जाड फळी असते. आणि माणूस बाहेर पडेल एवढी, दोन बाय दोन फुटांची, गज नसलेली एक खिडकी ठेवाच. मी ती आगीच्या भीतीनं ठेवली होती, कामाला आली भलत्याच वेळी.

कर्ज, रेशनकार्ड, पत्ता?

गृहकर्ज मिळत नाही, बँकेच्या लेखी हे घर नव्हे. आमची सगळी कागदपत्रं जुन्या घराच्या पत्त्यावरच आहेत. तो पत्ता नसता तर अडचण झाली असती. भाड्याच्या जागेवर ट्रॉली उभी करणार असाल तर आधी याचा विचार करा.

लहान मूल असेल तर जमेल का?

रांगणारं असेल तर अवघड आहे. दार ते पायरी अडीच फूट उंच, ओटा हाताच्या अंतरावर. शाळेत जाणारं असेल तर त्याला फारच आवडेल, अभ्यास तेवढा होणार नाही.

घरचे काय म्हणाले?

आई सहा महिने आत आली नाही. "ट्रॉलीत ऊस नेतात, संसार नाही." मग एका मे महिन्यात दुपारी जुन्या घराचा पत्रा तापला आणि ती शेडनेटखाली येऊन झोपली. आता रोज दुपारी असते. मान्य मात्र अजून केलेलं नाही.

पाहुणे आले तर?

बाहेर मांडव आहे, चुलीवर पातेलं आहे, तांबडा-पांढरा होतो. झोपायला मात्र जुन्या घरी. ट्रॉलीत तिसरा माणूस आडवा झाला की पहिल्या दोघांपैकी एकाला उभं राहावं लागतं.

बघायला येऊ का?

या. सोमवारी, एमआयडीसीची सुट्टी असते. येताना मेजर टेप आणा, कारण आत आल्यावर सगळेच म्हणतात "बाहेरून मोठी वाटली होती" आणि मग मोजायला काही नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये यायचं असेल तर आधी फोन करा. तेव्हा आम्ही परड्यात असू की माळावर, ते बंधाऱ्यावरच्या आकड्यावर ठरतं.